मोड आलेलं कणीस वेदीसमोर ठेवायचं का? (सुगीचा सण, उपकारस्तुती आणि आनंद)

बाजरीवाली_लेक

सगळ्यांना सलाम.

चार दिवस मनात घोळतंय, म्हणून शेवटी धागा काढला.

आमचं गाव शेवगाव तालुक्यात. आण्णांची साडेतीन एकर. दोन एकर बाजरी, बाकी कपाशी. २०२५ च्या सप्टेंबरात आमच्याकडं पाऊस कसा कोसळला ते नगर-बीडकडच्यांना वेगळं सांगायला नको (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय). बाजरी कापायला आली होती. आठ दिवस कणसं उभ्या उभ्या भिजली आणि दाण्यांना ताटावरच मोड फुटले. कपाशीची बोंडं काळी पडली. पंचनामा झाला, फोटो काढून नेले.

दिवाळीनंतरच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये सुगीचा सण असतो. मी पुण्याहून गेले होते. हा सण मला लहानपणापासून नाताळाइतकाच आवडतो. वेदीच्या दोन्ही बाजूंना उसाच्या मोळ्या उभ्या, खाली सतरंजीवर बाजरी, मूग, मटकी, तीळ, लाल भोपळे, ताटात अंडी, आणि खिडकीखाली पाय बांधलेली कोंबडी, जी नेमकी प्रार्थनेच्या वेळी ओरडणार. उपासनेनंतर लिलाव. यंदा सतरंजी निम्मी रिकामी होती.

सकाळी आण्णा ओसरीवर बसून कणसं निवडत होते. मोड आलेली, काळपट. त्यातल्या त्यात बरी सहा कणसं काढली, सुतळीनं जुडी बांधली. मी म्हटलं, "आण्णा, यंदा राहू द्या. पैसे टाकू पेटीत." ते म्हणाले, "पैका तुझ्या पगाराचा. रानातलं हे हाय." धुतलेलं धोतर, टोपी घालून गेले आणि ती जुडी नीट मधोमध ठेवली. नंतर भजनाला त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा. टाळ वाजवताना चेहरा असा, की जणू खळं भरलंय.

मला गाता आलं नाही. पाळकसाहेबांनी (आमच्या चर्चचे धर्मगुरू) बायबलातल्या थेस्सलनीकाकरांच्या पत्रातलं वचन वाचलं, "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा", आणि खरं सांगते, मला त्या शब्दांचा राग आला. पहिलं आणि उत्तम ते देवाला द्यावं असं आम्हाला शिकवलं, मग सडलेलं दिलं ते योग्य झालं का? आणि त्याहून जास्त छळतंय ते हे: आण्णांचा तो आनंद कुठून आला? सवयीचा होता का? खोटा तर नक्की नव्हता, मी त्यांची लेक आहे, मला कळतं.

---

रविवारची_पेटी

ताई, मी आमच्या चर्चमध्ये तीस वर्षं पेटी वाजवतोय. आनंद सवयीचा असला तरी चालतो हो. बोटांना सवय असते म्हणूनच मन ठिकाणावर नसताना सूर बरोबर लागतो. मग मन मागून येतं.

कणसांचा लिलाव झाला का ते सांगा. आमच्याकडं एका वर्षी एकच भोपळा चार वेळा विकला गेला. घेणारा पैसे भरायचा आणि परत वेदीपुढं ठेवायचा. लहान पोरं मोजत होती.

---

आगेरा_वसई

जय येशू, ताई.

आम्ही कॅथलिक, वसईचे. आमच्याकडे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो. मुंबईच्या गावठाणांतले ईस्ट इंडियनही (तिथले मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक) साजरा करतात. लॅटिनमध्ये शेताला 'आगेर' म्हणतात, नाव त्यावरून आलं असं मोठे सांगतात. भाताच्या लोंब्यांना फादर आशीर्वाद देतात, मग बँड लावून मिरवणुकीनं त्या चर्चमध्ये नेतात. लुगडं नेसलेल्या बायका डोक्यावर टोपल्या घेतात. आशीर्वादाची एक लोंबी प्रत्येक घरी येते, आमच्या घरी ती तारणाऱ्याच्या तसबिरीला वर्षभर बांधलेली असते. नवी आली की जुनी काढायची.

तुमच्या प्रश्नाजवळ जाणारी एक गोष्ट सांगतो. माझ्या लहानपणी आमच्या आळीत लोंबी प्रत्येकाच्या स्वतःच्या शेतातली असायची. आता त्या शेतांवर इमारती आहेत. आमचंही शेत गेलं, आमच्याच घरच्यांनी विकलं, दोष कुणाला देत नाही. पहिल्या वर्षी वडील आगेऱ्याला यायला तयार नव्हते. म्हणाले, दुसऱ्याच्या शेतातली लोंबी हातात घेऊन मी कसले आभार मानू? आई म्हणाली, "भात तर खाताय ना रोज? तो कुणाच्या शेतातला आहे?" वडील उठले, कपडे केले आणि आले.

तेव्हापासून मला वाटतं, आगेरा हा आपल्या मालकीचा सण नाही, खाण्याचा सण आहे. जो जेवतो त्याचा.

---

पाळकाचा_मुलगा

सलाम ताई. वडील पाळक होते, त्यामुळे असले प्रश्न आमच्या जेवणाच्या पाटावर असायचे. मला जमेल तसं लिहितो.

सडलेलं देण्याबद्दल बायबलातला मलाखी संदेष्टा फार कडक बोलला आहे. आंधळं, लंगडं जनावर अर्पणाला आणता, तेच तुमच्या सुभेदाराला देऊन बघा, घेईल का? पण त्याचा राग कशावर आहे ते बघा. कळपात चांगला नर असताना तो मागे ठेवून लोक खोडाचा आणत होते. आण्णांनी काय मागे ठेवलं? सगळ्या रानातली बरी म्हणावी अशी सहा कणसं निवडून त्यांनी आणली. त्यांच्या रानातलं उत्तम तेच होतं. माझ्या मते त्या जुडीला बोट लावायला मलाखीही धजणार नाही.

आता "सर्व स्थितीत". मूळ ग्रीकमध्ये शब्द 'सगळ्यामध्ये' असा आहे, 'सगळ्याबद्दल' असा नाही. मराठीत भाषांतर अगदी नेमकं झालंय आणि आपण ते वाचताना चुकतो. पावसानं पीक नेलं याबद्दल देवाचे आभार मान, असं ते पत्र लिहिणारा पौल या वचनात म्हणत नाही. पीक गेलं त्या चिखलात उभं असतानाही आभार मानायला काहीतरी शिल्लक आहे, एवढं तो म्हणतो. हा फरक लहान दिसतो, पण मला वाटतं सगळा विश्वास त्याच्यावर उभा आहे. पहिलं म्हणणारा माणूस देवाशी खोटं बोलतो.

बायबलातल्या हबक्कूक संदेष्ट्याचा तिसरा अध्याय आज रात्री काढा. शेवटच्या ओळींत तो आधी चक्क पंचनामा करतो. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात गुरं नाहीत. एकही नुकसान झाकत नाही, आणि मग म्हणतो की तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. तो 'तरी' पंचनाम्यानंतर आलाय, पंचनाम्याऐवजी नाही. तुमच्या आण्णांची जुडी मला तशी वाटली. त्यांनी नुकसानच वेदीपुढं नेऊन ठेवलं आणि मग टाळ उचलला.

---

खडकाळ_रान

वरचं पटलं. पण एक बोलतो, राग मानू नका.

मी स्वतः शेतकरी आहे. काही वर्षांपूर्वी कांदा चाळीतच सडला आणि सोसायटीचा हप्ता थकला. तेव्हा चर्चच्या मंडळीतल्या एका माणसानं मला म्हटलं, "ख्रिस्ती माणसानं तोंड पाडून बसू नये, विश्वास कमी पडतोय तुमचा." त्यानंतर दोन वर्षं मी चर्चची पायरी चढलो नाही. बायको पोरांना घेऊन जायची, मी रानात बसायचो.

परत कसा आलो? एका पावसाळ्याच्या तोंडाला आमच्या मंडळीतले एक म्हातारे बाबा सायकलीवर बियाण्याची पिशवी टाकून बांधावर आले. वचन नाही, उपदेश नाही. पिशवी उतरवली, तंबाखू मळली, तासभर बसले. जाताना म्हणाले, "पेर."

बायबलातल्या स्तोत्र १२६ मध्ये रडत रडत बी घेऊन जाणारा माणूस आहे. सोमवार ते शनिवार नांगर धरणाऱ्याला त्या रडण्याचं कारण बरोबर कळतं. घरात पोरं भुकेली आहेत आणि हातातलं धान्य दळून भाकरी करायची सोडून तो ते मातीत टाकतोय. म्हणून रडतोय. विश्वास कमी पडला म्हणून नव्हे! त्याला रडू नको असं स्तोत्रात कुणीच म्हणत नाही. तो रडतो आणि पेरतो, दोन्ही एकदम.

ताई, तुम्हाला गाता आलं नाही ना, नका गाऊ. तुम्ही तिथं बसला होतात.

---

रविवारची_पेटी

दादा, ते सायकलवाले बाबा अजून आहेत का?

---

खडकाळ_रान

नाहीत. दोन वर्षं झाली. मातीला मी होतो.

---

सरवा_वेचणारी

सलाम. हा धागा काल रात्री दोनदा वाचला.

सगळे शेताबद्दल लिहिताहेत, मी शेत नसलेल्यांबद्दल लिहिते. नगर जिल्ह्यातल्या आपल्या मंडळ्यांमध्ये बहुतेकांचे पूर्वज महार-मांग वाड्यातले. जमीन दुसऱ्याची, घाम आपला. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ साली सुरू झालं, पुढं गावोगाव शाळा आणि मंडळ्या उभ्या राहिल्या, पण त्यामुळं फारसं कुणाच्या नावावर रान चढलं नाही. मग आमच्या आजी-आजोबांनी सुगीच्या सणाला काय न्यायचं?

सरवा न्यायचे. मालकाचं पीक उचलून झालं की रानात पडलेली कणसं, शेंगा वेचायच्या, तो सरवा. आपल्या मराठी बायबलात रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचते, तो शब्द आमच्या आजीला कुणी समजावून सांगावा लागला नाही. लेवीय २३ मध्ये सणांच्या नियमांच्या मधोमध एक वचन आहे: कापणी करताना शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबाला आणि परक्याला राहू द्या. सणाच्या नियमात हे का घातलं? कारण त्याशिवाय तो सण होत नाही.

आजी १९७२ च्या दुष्काळाचं सांगायची. सगळं महाराष्ट्र खडी फोडत होतं. खायला सुकडी आणि रेशनवरचा तांबडा मिलो, अमेरिकेतून आलेली ज्वारी. भाकरी थापली की तुटायची. त्या वर्षी मंडळीत चर्चा झाली की सण करायचा की नाही, रानात काडी नाही. केला. आणि आजीनं पदरात पसाभर मिलो नेला. कुणीतरी म्हणालं, अहो हे रेशनचं, तुमच्या घामाचं नाही. आजी म्हणाली, "मग तर त्याचंच आहे की. मी कुठं पेरलं होतं?"

बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २६व्या अध्यायात पहिल्या फळांची टोपली देताना इस्राएली माणसानं काय बोलायचं ते दिलंय. माझं पीक छान आलं, असं नाही. माझा बाप भटकणारा अरामी होता, आम्ही मिसरात गुलाम होतो, आमचा छळ झाला, आम्ही हाक मारली आणि परमेश्वरानं ऐकलं. टोपली हातात आणि तोंडी वेठबिगारीची गोष्ट. त्यानंतर आज्ञा आहे की तू, लेवी (देवाच्या सेवेला नेमलेल्या कुळातला) आणि तुझ्यात राहणारा परका, सगळे मिळून आनंद करा. एकट्यानं करायचा आनंद तिथं लिहिलेलाच नाही.

म्हणून माझी एक विनंती आहे. ज्या ज्या मंडळीत यंदा लिलाव झालाय, तिथल्या पंचांनी त्यातला काही भाग पीक गेलेल्या घरांच्या रब्बीच्या बियाण्याला द्यावा. चर्चचं छप्पर एक वर्ष थांबेल.

---

राय_सासष्टी

गोंयांतल्यान नमस्कार. मराठी शाळेतलं आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या रायच्या चर्चमध्ये ५ ऑगस्टला कणसांचं फेस्त होतं, ताळगावला २१ ऑगस्टला. ऑगस्ट म्हणजे बघा, भात अजून बहुतेक शेतात हिरवं. पूर्ण कापणी पुढंच असते. फादर पहिली कणसं कापतात, आशीर्वाद देतात, आणि उरलेलं पीक अजून पाऊसवाऱ्यात उभं. तरी त्या दिवशी 'देव बरें करूं' (कोंकणीत आभार) म्हणून घेतो. घरात येईल की नाही ते ठाऊक नसताना. शेजारच्या हिंदू घरांतही चवथीच्या दुसऱ्या दिवशी नव्याची पंचम, तीच हिरवी कणसं. ह्या भागातल्या मातीलाच ती रीत असावी.

---

केडगावची_नात

माझी पणजी दुष्काळातली मुलगी. १८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा पंडिता रमाबाई तिकडं गेल्या आणि उपाशी, बेवारस मुलींना पुणे जिल्ह्यातल्या केडगावला घेऊन आल्या. शेकडो. पणजी त्यातली. तिला स्वतःचं गाव आठवत नव्हतं, आईचं नाव आठवत नव्हतं.

घरात तिची एकच रीत चालत आलीये. भाकरीचा पहिला घास मोडायच्या आधी ती भाकरी दोन्ही हातांत धरून थोडी वर उचलायची. बोलायची काही नाही. माझी आई तसंच करते, मीही करते. माझ्या मुलानं परवा शाळेत डबा तसा उचलला, तर मित्रांनी विचारलं काय करतोस. तो म्हणाला, "पणजीला सांगतोय की मिळालं."

देवाला सांगतोय असं म्हणायला हवं होतं, पण मी दुरुस्त केलं नाही.

---

एडिसनची_मावशी

सलाम सगळ्यांना न्यू जर्सीहून. इथं नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं. आमची मराठी ख्रिस्ती मंडळी लहान, आठ-दहा घरं. कुणाच्या तरी तळघरात जमतो, टर्कीबरोबर मटणाचा रस्सा आणि भाकरी. सुरुवातीला मला हा परका सण वाटायचा. मग मुलीच्या शाळेच्या पुस्तकात वाचलं की लिंकननं या सणाचा जाहीरनामा १८६३ साली काढला, देशात यादवी युद्ध पेटलेलं असताना. त्याच उन्हाळ्यात गेटिसबर्गच्या लढाईत हजारो पोरं मेली होती. नुसता भरल्या कोठारापुढं बसून केलेला सण नव्हता तो. त्यात त्यानं विधवा आणि अनाथांसाठी प्रार्थना करायलाही सांगितलं होतं.

सरवा वेचणाऱ्या ताई, बियाण्यासाठी आमची घरं पाठवतील. कुठं पाठवायचे ते सांगा.

---

पाळकाचा_मुलगा

मावशींच्या लिहिण्यावरून आठवलं. आजकाल चर्चमध्ये जी सुगीची उपासना होते तिची इंग्लंडमधली सुरुवात १८४३ साली कॉर्नवॉलच्या मॉरवेनस्टो गावी झाली, रॉबर्ट हॉकर नावाच्या पाळकांनी केली. समुद्राच्या कड्यावरचं गाव. हे हॉकर जहाजं फुटून किनाऱ्याला लागलेल्या खलाशांची प्रेतं स्वतः वर आणून त्यांना आपल्या चर्चच्या आवारात माती द्यायचे. नव्या गव्हाची भाकर वेदीवर ठेवणारे हात आणि ती प्रेतं उचलणारे हात एकाच माणसाचे. इतकंच सांगायचं होतं.

---

बाजरीवाली_लेक

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते. दोन दिवस धागा बघायचं धाडस झालं नाही. काल रात्री आण्णांना फोन लावला आणि सगळ्या पोस्टी वाचून दाखवल्या. तास लागला.

आधी पेटीवाल्या दादांचा प्रश्न. हो, लिलाव झाला. जुडी उचलली तेव्हा क्षणभर कुणी बोलेना, मला जमिनीत जावंसं वाटलं. मग मागच्या रांगेतून एका मावशींनी एक्कावन्न रुपये पुकारले. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जातात त्या. मालक गेल्यापासून एकट्याच आहेत. पाळकसाहेब म्हणाले, मावशी, काय करणार याचं? त्या म्हणाल्या, "माझ्या कोंबड्या मोडाचे दाणे आवडीनं खात्यात. फुडल्या सणाला अंडी आणीन." सगळं चर्च हसलं, आण्णा सगळ्यांत मोठ्यानं. मीही हसले. पहिल्या पोस्टमध्ये हे लिहायचं राहिलं, कारण रागात होते. आता वाटतं, माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथंच मिळालं होतं आणि मी चार दिवस दुसरीकडं शोधत होते.

आण्णांना शेवटी सरळ विचारलं, तुम्हाला त्या दिवशी एवढा आनंद कशाचा झाला? बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "पाण्यात बाजरी गेली तवा पोरी, मी तीन राती रानात बसून रडलो. तुझ्या आईला बी ठाऊक न्हाई. चौथ्या दिशी रडू संपलं. तवा मंग बसल्या बसल्या मोजलं. तू हायेस, तुझी आई हाय, बैलं वाचली, हीर भरली. हिरीला पाणी म्हंजे गहू व्हईल. येवढं सांगाया चर्चात गेलो व्हतो."

आईला ठाऊक होतं. ती त्या तिन्ही रात्री दारात जागी होती. तिनं मला सांगितलं, त्यांना सांगायचं नाही म्हणून बजावलं.

खडकाळ_रान दादा, तुमचं "पेर" ऐकून आण्णांनी मला पोस्ट परत वाचायला लावली.

बियाण्याबद्दल आमच्या पाळकसाहेबांशी बोलले. यंदाच्या लिलावाचे निम्मे पैसे गहू-हरभऱ्याच्या बियाण्याला द्यायचे, असं ते रविवारी पंच कमिटीपुढं मांडणार आहेत. ठरलं की मावशी आणि सरवा_वेचणारी ताई, तुम्हाला निरोप करते.

---

आगेरा_वसई

बाजरीवाली ताई, यंदाच्या आगेऱ्यात आशीर्वाद दिलेल्या लोंब्यांतल्या दोन आमच्याकडे जास्तीच्या आहेत. आईनं नेहमीसारख्या शेजारच्यांसाठी आणून ठेवल्या होत्या. यंदाचा पाऊस आमच्या भातावरही झाला, त्यामुळे दाणा थोडा फोल आहे. आण्णांसाठी पाठवू का? तुम्ही प्रोटेस्टंट, तुमच्याकडे अशी रीत नसेल, म्हणून विचारतो.

---

बाजरीवाली_लेक

पाठवा दादा. आण्णांना आताच विचारलं. म्हणाले, भाताची लोंबी त्यांनी हातात कधी धरलेली नाही. आणि विचारताहेत, बांधायला सुतळी चालते की धागाच लागतो?

---

आगेरा_वसई

सुतळी चालते.